भासऱ्याचा हात

सानगडीतल्या टिकारामच्या घरी सकाळपासून पावसाचं पाणी गळत होतं. रक्षा गळतीखाली भांडी लावत होती, भरलेलं भांडं उचलत होती, पुन्हा ठेवत होती. सपरीत, पुढच्या पडवीत, टीव्हीवर अफगाणिस्तानच्या भूकंपाची बातमी अजून चालूच होती. धरणी शेजारच्या पाकिस्तानातही हलली होती. तिथली माणसं अंगणात धावली आणि बहुतेक परत घरात गेली. अफगाणिस्तानात मात्र गावंच्या गावं मातीखाली.

"हाललं दोन्हीकडे, मंग मेले तिकडेच काहून?" रक्षाच्या लेकीने, टीनाने विचारलं.

घरं मातीची, दगडाची होती, असं टिकारामने तिला समजावलं. तेवढ्यात बातमीत सांगितलं, की ढिगाऱ्यातल्या काही बायका तशाच राहिल्या. परक्या बाईला हात कसा लावायचा, म्हणून पुरुष थांबले. टिकारामची आई सीताबाई सुपारी कातरता कातरता म्हणाली, "कसी मानसं होत बापा!"

आतून रक्षाने भिंतीकडे तोंड करून सांगितलं, "भात झाला म्हणा." टिकाराम तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ, तिचा भासरा. भावसुनेने भासऱ्याशी बोलायचं नाही, समोर यायचं नाही. पदर लागला तरी दोघांनी आंघोळ करायची. लग्न होऊन आल्यापासून ती या मधल्या मातीच्या भिंतीशीच बोलत होती. ताट उंबऱ्यावर सरकवायचं आणि मागे व्हायचं. नवरा अमर तुमसरच्या राइस मिलमध्ये, आठवड्याने घरी येणारा. जाऊ पुष्पा धानाच्या बांधीत निंदायला गेलेली.

दुपारी रक्षा चुलीपाशी वाकली होती, तेव्हा भिजलेली ती भिंत खालून बसली. तिच्यावर टेकलेली मयाल, छताचं जाड लाकूड, रक्षाच्या पायांवर आली. वरची अर्धी भिंत तशीच लोंबत राहिली.

टिकाराम धावत आला. हात पुढे केले आणि थांबला. आपल्याच हातांकडे बघत राहिला.

"तू नोको लावू हात," सीताबाई ओरडली. "बांधीतून बायांले आण." तिने स्वतः ओढून पाहिलं, म्हातारीच्या जिवाने मयाल हलेना. टीना भेदरून आईला हाका मारत होती.

टिकाराम वळला. फाटकापर्यंत गेलाही. बांधी दूर, तळ्याच्या पलीकडे.

रक्षाने वर पाहिलं. माती झरत होती. हाक मारायची होती, पण त्या माणसाला काय म्हणून हाक मारतात हेच तिला माहीत नव्हतं. मग लेकीचं नातं तिच्या तोंडात आलं.

"टीनाचे मोठेबाबा, मले काढा. बाया येईस्तोवर भिंत थांबनार नाही."

त्याने तिचा आवाज असा सरळ कधी ऐकला नव्हता. तो परत फिरला, खांदा देऊन मयाल उचलली, काखेत हात घालून तिला अंगणात ओढलं. मागे धप्पकन उरलेली भिंत बसली. चूल दिसेनाशी झाली.

शेजारच्या डोमाला ऑटो आणायला धाडलं. सीताबाई उठली, बादली भरली, टिकारामपुढे ठेवली. "आंगोळ करून घे. तिलेबी घालतो."

टिकारामने बादली उचलली आणि रक्षाच्या पायावरचा चिखल धुऊ लागला.

"माय, सकाळी तूच म्हनत होती, कसी मानसं होत. मीबी तसाच उभा होतो."

सीताबाई खाली बसली. टीनाला जवळ ओढलं, पण लेकराच्या तोंडाकडे बघितलं नाही.

"लय दुखून राहिलं का?" टिकारामने विचारलं. भिंतीला नाही, रक्षाला.

उत्तर द्यायला रक्षाने सवयीने तोंड घराकडे वळवलं. तिथे आता नुसती माती होती. ती पुन्हा त्याच्याकडे वळली.

"हो," ती म्हणाली.