सीमेवरचा पाचोळा

मी दाताळं बोलतोय, पाचोळा ओढायचं. कोयता, कुऱ्हाड म्हटलं की माणसं जपून वागतात. मला मात्र कोणीही उचलतं नि कुठेही भिरकावतं. भंगारातल्या ट्रकच्या पाट्यापासून लोहाराने माझे दात ठोकले. अक्काने ते बोटाने चाचपले आणि म्हणाली, "हसतंय बघा कसं!" तेव्हापासून मी तिचा.

अक्काच्या गावाचं जंगल डोंगराच्या अलीकडच्या उतारावर. पलीकडचा उतार दुसऱ्या मुलखाचा. तिची सख्खी धाकटी बहीण तिकडच्याच गावात दिलेली. मधल्या धारेवर सीमेचे दगड. आमचं जंगल कायमचं गावाच्या नावावर झालं होतं. धाकटीच्या गावाला ते नुसतं कराराने मिळालेलं. एकदा जरी मोठी आग लागली, तरी सरकार ते परत घेणार होतं. तिची चूल, जनावरांचा चारा, विकायचा मध, सगळं त्या जंगलावर.

उन्हाळ्याआधी धारेवर जाळरेषा काढायची, म्हणजे जमिनीचा पट्टा असा साफ करायचा की आगीला पुढे सरकायला काडीही मिळू नये. अक्का मन लावून पट्टा साफ करायची आणि सगळा पाचोळा दगडांपलीकडे लोटायची. तिकडचे लोक त्यांचा पाचोळा इकडे लोटायचे. माणसांचं हे मला कधी कळलं नाही. आपलं अंगण लख्ख झालं की यांना झोप छान लागते.

मग दोन्ही मुलखांनी मिळून वणवा रोखण्याचं प्रशिक्षण ठेवलं. मैदानात दोरी ताणून प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "ही सीमा समजा. काढा जाळरेषा."

एका बाजूला अक्का, समोर धाकटी. दोघींनी सवयीने पाचोळा एकमेकींकडे लोटला. "घे, माहेरचा आहेर!" अक्का म्हणाली. सगळे हसले. दोरीवर गुडघाभर ढीग झाला. बाईंनी त्याला काडी लावली. जाळ दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत गेला.

"अक्का," धाकटी हळूच म्हणाली, "आमचं जंगल जाईल गं."

त्या वर्षापासून दोन्ही गावं एकत्र धारेवर येऊ लागली. ज्याने त्याने पाचोळा आपल्याच उताराला खाली नेऊन पसरायचा, असं ठरलं. आमच्याकडे कुरकुर झाली. "त्यांचं जंगल राखायचा मक्ता घेतलाय का आपण?" अक्काच्या दिराने विचारलं.

"घेतलाय," म्हणत अक्काने मला खांद्यावर टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात आग लागली ती आमच्या पायथ्याला. वारा वर चढत होता, आणि त्याच वाऱ्याने पट्ट्यात पुन्हा पानं भरली होती. माणसं मोजकीच. खाली आपली झाडं वाचवायची, की वर पट्टा साफ करायचा? अक्काने एकदाच खाली पाहिलं.

"वर चला," ती म्हणाली.

दिराने शिवी हासडली, पण आला. पलीकडून धाकटीही माणसं घेऊन आली. धूर नाकातोंडात जात होता. एवढ्या वेगाने मी जन्मात चाललो नव्हतो. धग सोसेना तेव्हा अक्का मला तिथेच टाकून पलीकडे पळाली. आग पट्ट्याशी आली, पुढे काही मिळेना, तशी विझली. जाता जाता माझा दांडा तेवढा खाऊन गेली.

सकाळी आमचा उतार काळा पडला होता. पलीकडचा जसाच्या तसा उभा. धाकटी अक्काच्या गळ्यात पडली. "तुझं गेलं गं, अक्का. आमच्यापायी."

"माझं कुठे जातंय?" अक्का म्हणाली. "जळलं तरी ते माझंच आहे, पुन्हा फुटेल. तुझं गेलं असतं तर कोणी परत दिलं नसतं."

त्या काळ्या बुंध्यांकडे तिला बघवत नव्हतं. माझंही काळीज तुटलं; लोखंडाला काळीज नसतं म्हणतात, म्हणोत बापडे.

राखेत झाकलेला मी त्या गडबडीत कोणाला दिसलोच नाही. अजून इथे धारेवरच आहे. आमच्या उतारावर आता कोवळे फुटवे आलेत, आणि पलीकडची पानं गळायला लागलीत. वाटसरू, तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, मला उचला. कामाचे दिवस आलेत.