बाईंचं अक्षर

आमच्या लिफ्टच्या दारावर माझ्या बायकोच्या अक्षरात सूचना आहे, 'मुलांना एकटे पाठवू नये.' दातांच्या डॉक्टरांकडे तेच अक्षर मला फोन बंद ठेवायला सांगतं. ती जाऊन आठ महिने झाले, पण दटावणं काही थांबलेलं नाही.

त्या अक्षराचा फॉन्ट मी केला. तीस वर्षांपूर्वी आमच्या कंपनीला मुलांच्या चित्रकलेच्या प्रोग्रॅमसाठी हसरं अक्षर हवं होतं, आणि ही बालवाडीत शिकवायची. प्रत्येक अक्षर मी तिच्याकडून वीस-वीस वेळा लिहून घेतलं आणि त्यातलं एकेक निवडलं. पुढे तो फॉन्ट घरोघरच्या कॉम्प्युटरवर पोचला, आणि लोकांनी तो वाढदिवसाच्या आमंत्रणापासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत जिथे तिथे वापरला. मग शहाण्यांनी नाकं मुरडली. बंदीसाठी सह्यासुद्धा गोळा केल्या. एका कार्यक्रमात एका दीडशहाण्यानं मला विचारलं, "झोप लागते का हो तुम्हाला?" उत्तम लागते, म्हटलं. साफ खोटं.

हिला मात्र कोण कौतुक! "माझं अक्षर आता मशीनमध्ये आहे, हात कशाला दुखवू?" म्हणायची, आणि साखरेच्या डब्यावरची चिठ्ठीसुद्धा छापून लावायची.

आता तिच्या शाळेत तिच्या नावाचा बाक बसवताहेत. मुलगी डिझायनर आहे. तिच्या ऑफिसात या फॉन्टची टिंगल चालते, आणि तो कोणी केला हे तिनं तिथे कधीच सांगितलेलं नाही. तिचा फोन आला.

"बाबा, बाकाच्या पाटीवर तो फॉन्ट नको. लोक आईला हसतील."

"मग तिच्या हातचं अक्षर कोरू."

"आहे कुठे? शोध. शुक्रवारी पाटी करायला द्यायचीय."

तीन दिवस मी घर उलथंपालथं केलं. मूळ कागद कंपनीनं कधीच रद्दीत घातले होते. घरातली पत्रं, याद्या, औषधांच्या वेळा, सगळं छापील. जन्मभर जे हातानं लिहिलं ते फळ्यावर, आणि फळा ती रोज पुसायची. कपाट बंद करून मी खाली बसलो आणि रडलो.

शुक्रवारी सकाळी मुलगी आली. तिनं पर्समधून चार घड्यांचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. 'हिला काल ताप होता. आज मैदानावर सोडू नये.' अक्षर तिरकं, घाईचं. शेपट्या खालच्या ओळीत घुसलेल्या.

"झकास आहे," मी म्हटलं. "कोणाचं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली.

"बाबा, आईचं. माझ्या वर्गशिक्षिकेला लिहिलेलं. मी ते दिलंच नव्हतं, काल जुन्या वहीत सापडलं."

मग एकेक आठवत गेलं. त्या वेळच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिरकं अक्षर फाटल्यासारखं दिसायचं, म्हणून मी ते उभं केलं. शेपट्या छाटल्या. जाडी सारखी केली. लोक इतकी वर्षं ज्याला हसले ते सगळं माझं होतं. आणि आठ महिने दारोदारच्या सूचनांपुढे थांबून मी जिची आठवण काढत होतो, ती त्यांत नव्हतीच.

मुलीनं कागदाचा फोटो पाटीवाल्याला पाठवला.

"हा कागद तुझ्याकडे ठेवू?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हटलं. "तुला ओळखू येतं. तुझ्याकडेच राहू दे."