सार्जंट गॅस्किन्सच्या कर्ण्याचा पोचा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कर्णा आहे. फुलदाणी नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या गावातल्या माणसांना ते अजून समजलेलं नाही. दर वसंतात शिष्यवृत्तीचा समारंभ आला की मला टेबलावर उभा करतात आणि माझ्या तोंडात लिलीची फुलं खुपसतात. देठांचं पाणी माझ्या आत झिरपतं आणि पुढे वर्षभर मी गंजत बसतो. तक्रार करायचीही सोय नाही. दुसऱ्यांचा आवाज मोठा करण्यात माझा जन्म गेला. स्वतःचा आवाज मला कुणी दिलाच नाही.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीतला. कारखान्यात पत्रा कापला, वळवला, सांधा झाळला, वर हिरवा रंग फासला आणि मला पेटीत घालून जहाजावर चढवलं. पेटी उघडली ती फ्रान्सच्या किनाऱ्यावर, सार्जंट एल्सवर्थ गॅस्किन्सच्या हातात. एल्सवर्थ अमेरिकेत कॅरोलायनातल्या एका खाडीकाठचा, मासळीच्या धक्क्यावर वाढलेला. त्या काळी सैन्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या आणि गोऱ्यांच्या वेगळ्या. एल्सवर्थच्या पलटणीला बंदुकांऐवजी माल ओढायचे आकडे दिले होते. पिठाची पोती, पेट्रोलचे डबे, तोफगोळे, सगळं त्यांनीच उतरवायचं. माल उचलणाऱ्या यारीच्या खडखडाटात मी नसतो तर कुणाच्या डोक्यावर काय कोसळलं असतं याचा नेम नव्हता. एल्सवर्थ माझ्यातून ‘सोड’, ‘थांब’, ‘मागे हो’ एवढंच बोले, पण धक्क्याच्या पार टोकाचा माणूस वळून बघे. पाऊस लागून राहिला आणि माणसं गळाठली, की तो मध्येच शाळेतल्या नाटकातलं एखादं भाषण ठोकून देई. माणसं हसत आणि पुन्हा पोत्यांना भिडत. ते माझे चांगले दिवस.

लढाई संपली. एल्सवर्थने मला पिशवीत दडवून घरी आणलं. गावात विजयाची मिरवणूक निघायची होती आणि आयोजकांचा ध्वनिक्षेपक ऐन वेळी बंद पडला. त्यांनी एल्सवर्थकडे मला मागितलं, आणि त्याने आनंदाने दिलं. व्यासपीठावरचे गोरे गृहस्थ माझ्यातून एकेका शिपायाचं नाव पुकारत होते, लोक टाळ्या वाजवत होते. आमची माणसं मिरवणुकीच्या शेपटाला, रस्ता धुणाऱ्या गाडीच्याही मागे. त्यांची पाळी आली तेव्हा त्या गृहस्थांनी मला खुर्चीवर टाकलं आणि ते लिंबाचं सरबत प्यायला निघून गेले. मी खुर्चीवर आडवा पडून आमच्या माणसांना समोरून जाताना बघत राहिलो. त्यांच्यातल्या कुणाचंही नाव माझ्यातून गेलं नाही.

त्या संध्याकाळी एल्सवर्थने मला खाडीत फेकलं. हातात होता नव्हता तेवढा जोर लावून फेकलं. मी धक्क्याच्या खांबावर आपटलो आणि चिखलात रुतलो. माझ्या पोटाला हा तळहाताएवढा पोचा आहे ना, तो तेव्हाचा.

ओहोटीला मला मिस लॉटी विगिन्सने उचललं. ती खाडीवरच्या शेडमध्ये कालवं फोडायची. तिने मला धुतलं ते ठीक, पण पुढे माझे जे हाल केले ते विचारू नका. पोरांना जेवायला बोलावण्यापासून शेजारच्या कुत्र्याला शिव्या घालण्यापर्यंत सगळ्याला मीच. इकडे एल्सवर्थ दिवसा मासळी उतरवी आणि संध्याकाळी घराच्या पायरीवर बसून राही. कुणाशी बोलणं नाही. गोऱ्यांच्या कॉलेजात नाटक शिकायला त्याला प्रवेश नव्हता, तेही दुःख होतंच. ऐन थंडीत एक दिवस मिस लॉटी मला घेऊन त्या पायरीशी गेली.

“हा तुझा ना? घे बाबा. आवाज माझ्याकडे पुष्कळ आहे, बोलायला नवीन काही नाही. शेडमधल्या बाया तीच तीच गाणी म्हणून कंटाळल्यात. तुला नाटकातली भाषणं येतात म्हणे.”

“मला काही येत नाही,” एल्सवर्थ म्हणाला.

“मग तोंड उघडून दाखव, कसं येत नाही ते.”

पहिलं नाटक त्या कालवांच्या शेडमध्ये झालं. मग चर्चच्या तळघरात, मग शाळेत. चाळीसेक वर्षं एल्सवर्थने या वस्तीतल्या पोरांना नाटक शिकवलं, आणि तेही मुळीच गोड बोलून नव्हे. मागच्या रांगेतल्या बहिऱ्या आजीला ऐकू आलं नाही तर तो सगळा प्रवेश पुन्हा करायला लावी. ज्यांना उठून नाटकाला येता येत नाही त्यांच्याकडे नाटक गेलं पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. म्हणून तो पोरांना घेऊन जखमी सैनिकांच्या इस्पितळात जाई आणि दोन खाटांमधल्या जागेत खेळ करी. मी त्याच्या काखेत असे.

तो गेल्यावर त्याची मुलगी व्हर्डेल आणि त्याचे विद्यार्थी यांनी शनिवारी शनिवारी तळलेली मासळी आणि मक्याचा पाव विकून त्याच्या नावाची शिष्यवृत्ती उभी केली. दरवर्षी वस्तीतलं एक मूल नाटक शिकायला कॉलेजात जाऊ लागलं. याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझं डोकं फिरतं ते समारंभामुळे. समितीचे अध्यक्ष क्लेटन बूथ, निवृत्त मुख्याध्यापक. माणूस भला, पण बोलायला उभा राहिला की आवरत नाही. पहिल्या वर्षी त्यांनी एल्सवर्थला सार्जंट म्हटलं. मग कॅप्टन केलं, पुढे मेजर, आणि अलीकडे एल्सवर्थ कर्नल झाले आहेत. आणखी थोड्या वर्षांत ते सेनापती होतील अशी मला धास्ती आहे.

यंदा शिष्यवृत्ती मिळाली झरियाला. ती मिस लॉटीची पणती. निवडलेल्या मुलाने एल्सवर्थच्या आयुष्यातला एक प्रवेश करून दाखवायचा, अशी रीत आहे. झरियाने मिरवणुकीचा दिवस निवडला आणि तालमीत मला उचलून फेकायचा आविर्भाव केला. बूथ यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, लोक जेवायला येतात, त्यांना असलं कशाला दाखवायचं? कर्नल लढाईवरून हसत हसत परतले आणि मुलांना नाटक शिकवू लागले, एवढं दाखव. व्हर्डेल तर त्यांच्याहून कडक. होडीत असताना कर्णा हातातून निसटून पाण्यात पडला होता, असं तिला वडिलांनीच सांगितलेलं.

“माझे वडील वस्तू फेकणाऱ्यांतले नव्हते,” ती म्हणाली.

“मिस व्हर्डेल, माझ्या पणजीने तो काढला तेव्हा धक्क्याच्या खांबाला चिकटलेलं कालव त्याच्या पत्र्यात घुसलेलं होतं. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.”

“तुमच्या घरात काय माहीत आहे ते मला नको. तेवढं गाळ.”

झरिया म्हणाली, मग शिष्यवृत्ती दुसऱ्या कुणाला द्या. शिष्यवृत्तीशिवाय तिचं कॉलेज होणार नव्हतं. तिच्या आईने समजावलं, आजी रागावली, पोरगी हलेना. आणि मी त्याच टेबलावर, पोटाचा पोचा सगळ्यांसमोर धरून बसलेलो. निसटून पाण्यात पडलेल्या कर्ण्याला असा पोचा पडतो का? पण मला विचारतो कोण!

समारंभाच्या दिवशी चर्चचं सभागृह भरलं. कोंबडी, पालेभाजी, रताळ्याच्या ‘पाय’ नावाच्या गोड पदार्थाचे ढीग. मी टेबलावर, तोंडात लिली. झरिया आईशेजारी हाताची घडी घालून बसली होती. ती प्रवेश करणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. बूथ उठले आणि कर्नल गॅस्किन्सबद्दल बोलू लागले. कितीही संकटं आली तरी त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू कधी मावळलं नाही, असं त्यांनी म्हटलं मात्र, व्हर्डेल उभी राहिली.

“क्लेटन, बस खाली,” ती म्हणाली. “माझे वडील हसत नसत. जेवताना नाही, नाताळात नाही. तुला एकदा तरी हसून दाखवलं का त्यांनी?”

बूथ यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “नाही. लहानपणी मला त्यांनी स्टेजवरून हाकलून दिलं होतं.”

लोक हसले, पण व्हर्डेल हसली नाही. तिने माझ्या तोंडातली फुलं उपटली, पाणी टेबलावर ओतलं आणि मला झरियापुढे धरलं. “मला ते बघायचं नाही, पोरी. पण तू कर.”

झरिया उठून रंगमंचावर गेली. तिने माझ्यातून गोऱ्या शिपायांचं एकेक नाव पुकारलं, मग ती पुकारायची थांबली, आणि नुसती उभी राहिली. त्या संध्याकाळी धक्क्यावर एल्सवर्थ असाच उभा होता. मग तिने मला फेकलं. खरोखर फेकलं. या वयात मी जेवणाच्या टेबलांवरून उडत गेलो, पियानोच्या पायावर आपटलो, आणि मला दुसरा पोचा पडला.

मागच्या रांगेत थिओटिस फुल्चर नावाचे म्हातारे बसले होते. लहानपणी ते कालवांच्या शेडमध्ये शिंपल्यांच्या टोपल्या उचलत.

“त्यांनी याहून लांब फेकला होता,” ते म्हणाले.

व्हर्डेल मागे वळली. “तुम्ही पाहिलंत?”

“पाहिलं. रडत होते.”

व्हर्डेल खाली बसली. हातातले ओले देठ तिने टेबलावर ठेवले. झरिया रंगमंचावर अवघडून उभी होती, थांबावं की पुढे जावं हे तिला कळेना.

“थांबलीस का?” व्हर्डेल म्हणाली. “अजून मिस लॉटी यायच्यात.”

झरिया शरद ऋतूत कॉलेजला जाईल. समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी बूथ एका पत्रेवाल्याला घेऊन आले, माझे दोन्ही पोचे ठोकून सरळ करायला. व्हर्डेलने त्याला दारातूनच कॉफी पाजून परत पाठवलं.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं सांगून मी तुमची रजा घेणार होतो. पण माझी काळजी फारशी अवघड नाही. मला कोरडा ठेवा, अधूनमधून तेलाचं बोट फिरवा, बस्स. अवघड आहे ते त्या माणसाला सांभाळणं. ते सार्जंट होते, कर्नल नव्हते. ते चिडत असत, आणि चिडायला त्यांना कारण होतं. कृपा करून हे तेवढं गाळू नका.