साडीला घातलेला दंड

मी एक जुनी सुती साडी आहे. रंग वांगी, काठ पिवळ्या रुईफुलांचा, आणि मध्यावर एक आडवा जोड. जोडाचे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण मित्रांनो, माझी सगळी गोष्ट त्या जोडाचीच आहे.

माझा जन्म सोलापूरचा. मागावरून उतरले तेव्हा खळीमुळे मी इतकी कडक होते, की कोणी न धरताही उभी राहीन असे मला वाटायचे. कुसुमावतीबाईंनी मला १९८७ साली माहेराहून दिल्लीला आणले. त्या एका मंत्रालयात कारकून होत्या. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या, त्यांचे पती बळवंतराव आणि लहानगी लेक अपूर्वा असे तिघे राहत. दर सोमवारी बाई मला नेसून ऑफिसला जात. शेजारच्या टेबलावरच्या बाई माझा काठ चिमटीत धरून म्हणायच्या, "कुसुमजी, ऐसा रंग तो हमारे यहाँ मिलता ही नहीं." मग मी दिवसभर चुरगळायचेसुद्धा नाही. थोडी आढ्यता होती माझ्यात, आता कबूल करते.

चार वर्षांनी ती आढ्यता उतरली. बसमधून उतरताना मी दाराच्या पत्र्यात अडकले आणि टर्रकन फाटले. मला वाटले, संपले सगळे. पण बाईंनी रविवारच्या उन्हात, गॅलरीत चटई टाकून मला मांडीवर घेतले. फाटलेला वीतभर भाग त्यांनी कापून काढला आणि दोन्ही कडा आत दुमडून इतका बारीक धावदोरा घातला, की त्यांचेच डोळे दुखू लागले. काठाशी आल्यावर तर त्या दोनदा उसवून पुन्हा बसल्या. अर्ध्या रुईफुलाला त्याचा दुसरा अर्धा भाग नेमका मिळेपर्यंत त्यांनी दोरा तोडला नाही. माझी एक निरी कमी झाली, एवढेच. जोड निऱ्यांमध्ये लपून गेला.

अशा जोडाला मराठीत दंड म्हणतात. साडीला दंड घालणे म्हणजे तिचा विरलेला किंवा फाटलेला भाग काढून चांगले भाग जोडणे. पण दिल्लीत वाढणाऱ्या सात वर्षांच्या अपूर्वाला हे कोण सांगणार? बाई बळवंतरावांना म्हणाल्या, "वांगी साडीला दंड घातला बाई एकदाचा." तशी अपूर्वाने गृहपाठातून मान वर केली.

"आई, साडीने क्या गलती की?"

बळवंतराव चहा सांडेपर्यंत हसले. बाईही हसत म्हणाल्या, "फाटली ना, हीच तिची चूक." मीसुद्धा हसले होते तेव्हा. त्या हसण्यात काही वावगे नव्हते.

मग दिवस पालटले. रस्त्यापलीकडच्या बाजारात कपड्यांचे ढीग लागू लागले. परदेशी दुकानांसाठी शिवलेले आणि कुठल्या तरी बारीक खोटीमुळे नाकारलेले ते कपडे. स्वस्त, चकचकीत, हवे तेवढे. लोक पिशव्या भरभरून नेत, चार वेळा घालत आणि टाकून देत. सुईदोऱ्याचा डबा क्वार्टरमधल्या घराघरांतून हळूहळू दिसेनासा झाला.

अपूर्वा तेरा वर्षांची होती. तिच्या शाळेच्या वार्षिक समारंभाला बाई मलाच नेसून गेल्या. सगळ्या आया सतरंजीवर बसल्या होत्या. बाई उठताना माझ्या निऱ्या पसरल्या आणि एका मुलीने जोड पाहिला. "अपूर्वा, तेरी मम्मी की साड़ी तो बीच में से सिली हुई है." तिच्याभोवतीच्या मुली हसल्या.

घरी आल्यावर अपूर्वा दाराशीच म्हणाली, "आई, ही साडी परत नको नेसूस प्लीज. कितनी एम्बॅरसिंग है यार."

बाईंनी माझी नीट चौपदरी घडी घातली आणि मला ट्रंकेच्या तळाशी ठेवले. सण गेले, सोमवार गेले, त्यांनी मला पुन्हा काढले नाही. मला फार वाईट वाटले. माझ्यापेक्षा जास्त वाईट बाईंसाठी वाटले, कारण त्यानंतर त्यांनी कुठल्याच कपड्याला दंड घातला नाही. इतका सुंदर हात, आणि बाईंना त्याचीच लाज वाटू लागली.

अशी पाच वर्षे गेली. कुटुंबाने गुडगावला अकराव्या मजल्यावर नवा फ्लॅट घेतला आणि सामानाची आवराआवर सुरू झाली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारात आली. महाराष्ट्रात तिला बोहारीण म्हणतात, इथे बर्तनवाली. बाईंनी मलाही तिच्यापुढे टाकले. एका स्टीलच्या वाडग्यासाठी मी जाणार होते. तिने सराईत अंगठा माझ्या अंगावरून फिरवला, जोडाशी थांबली आणि मला परत फेकले. "ये तो जोड़वाली है, बहनजी. नहीं चलेगी."

मित्रांनो, अपमान झाला खरा, पण माझा जीव भांड्यात पडला. तोही वाडगा न घेता.

बाईंनी मला फडक्यांच्या गाठोड्यात बांधले. "नव्या घरी फरशी पुसायला होईल," त्या म्हणाल्या. गुडगावात मी चार दिवस बादलीशेजारी पडून होते. पाचव्या दिवशी अपूर्वाने गाठोडे सोडले.

ती आता कॉलेजात चित्रकला शिकत होती आणि दर शनिवारी फरीदाबादला 'टांका' नावाच्या छोट्या संस्थेत जात होती. क्षिप्रा नावाची तरुणी ती चालवत होती. शिलाई कारखान्यांतल्या उरलेल्या चिंध्यांतून तिथे भिंतीवरची चित्रे होत, आणि वस्तीतल्या शाळकरी मुलांना कपडे दुरुस्त करायला शिकवले जाई. पण मुले फाटलेले कपडे आणतच नव्हती. आणले तरी दप्तरात लपवून ठेवत. क्षिप्राने सगळ्या स्वयंसेवकांना सांगितले होते, की घरातला एक तरी दुरुस्त केलेला कपडा आणा. कोणाकडेच नव्हता.

अपूर्वाने मला उलगडले. रुईफुलांवरून बोट फिरवत ती जोडापाशी येऊन थांबली.

"आई, शनिवारी ही घेऊन माझ्याबरोबर चल."

"ती नको," बाई घाईने म्हणाल्या. "चार लोकांत परत हसू व्हायला नको."

"मी एकटी नेऊन मुलांना काय दाखवू? तू चल. हे मला येत नाही ना."

बाई आल्या, पण मला पिशवीत खोल दडपून. वर्गात वीसेक मुले होती. पुढच्या रांगेतली एक मुलगी फ्रॉकच्या फाटक्या बाहीवर तळहात घट्ट दाबून बसली होती. बाईंची नजर त्या हातावर खिळली. मग त्यांनी मला पिशवीतून काढले आणि सगळ्या मुलांच्या मांड्यांवर अंथरले.

"ये साड़ी फटी थी," त्या म्हणाल्या. "कहाँ से, ढूँढो."

मुले माझ्यावर तुटून पडली. काठ तपासला, पदर तपासला, मला उजेडाकडे धरले. कोणाला काही सापडेना. शेवटी त्या मुलीने बाहीवरचा हात काढला, डोळे मिटले आणि बोटे माझ्यावरून सावकाश चालवली. "यहाँ है, आंटी," ती म्हणाली. "कितना बारीक किया है."

क्षिप्राने वाकून पाहिले आणि हळूच विचारले, "आप हर शनिवार आएँगी?" बाईंनी मान डोलावली. त्यांचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात पाच-सात दप्तरे उघडली आणि फाटके सदरे, विरलेल्या ओढण्या बाहेर आल्या. बाईंनी सुईत दोरा ओवला. अपूर्वा त्यांच्याजवळ येऊन बसली.

"आई, तेव्हा चूक साडीची नव्हती. माझी होती."

बाईंनी तिच्याकडे पाहिले, एक विरलेली ओढणी तिच्या मांडीवर टाकली आणि सुई तिच्या हातात दिली.

"मग आता दंड तूच घाल," त्या म्हणाल्या.

अपूर्वाचा पहिला दंड वाकडा आला. बाईंनी तो उसवायला लावला, दुसराही उसवायला लावला. तिसरा ठीक होता.

आता मी फरीदाबादलाच असते. दर शनिवारी नवी मुले माझा जोड शोधतात, आणि सोमवारी नाही पण दिवाळीला बाई मला घरी नेऊन नेसतात. मित्रांनो, तुमच्या घरात तळाशी माझ्यासारखी कोणी पडली असेल. तिला एकदा बाहेर काढा आणि जोडावरून बोट फिरवा. तो दंड कोणी घातला, हे घरात विचारा. ते हात अजून घरात असतील, तर त्यांच्याजवळ सुई घेऊन बसा.