ऑपरेटरबाईंचे कान

"अगं, पडदा ओढून घे, ऊन डोळ्यांवर येतंय," फोनमधून नवरा म्हणाला आणि ऑपरेटरबाईंनी निमूटपणे पडदा ओढला. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. शेवटच्या आजारपणात आतल्या खोलीतून हाक पोचेना, म्हणून ते फोनवर असे बोलके निरोप पाठवत. रोज दुपारी आडवं पडून बाई त्यातला एखादा लावायच्या. मग झोप आणि जाग यांच्या मधल्या कुठल्याशा जागी दोघं पुन्हा पूर्वीसारखी कुरकुरत बसायची.

त्या दुपारी निरोप संपतो न संपतो तोच फोन वाजला.

"मावशी, कंपनीतून बोलतोय. तुमचं मेसेजचं खातं बंद पडतंय. आत्ता एक सहा आकडी नंबर आलाय ना?"

खातं बंद म्हणजे निरोपही गेले! बाईंनी घाईनं आलेला नंबर उघडून पाहिला. पण आवाज मोठा गोड होता, जरासा बसलेला, झोपेत कुणी थोपटावं तसा.

"तुम्ही काही सांगू नका हं. मीच वाचतो. चार, सात, सात..."

"छे, छे! भलताच काय वाचताय!" बाई ताडकन उठून बसल्या. सगळी नोकरी इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर गेलेली. चुकीचा नंबर कानावर पडला की तो दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकेक आकडा सुटा, खणखणीत उच्चारून त्यांनी खरा नंबर सांगितला.

"वा, मावशी! आता ते ॲप काढून टाका. उद्या नवं येईल."

बाईंनी काढलं. कुणाचं तरी काम मार्गी लागलं या समाधानात त्यांचा डोळा लागला.

संध्याकाळी भाची धापा टाकत आली. "मावशी, तुझ्या नावानं कुणीतरी सगळ्यांकडे पैसे मागतंय!" बरीच खटपट करून तिनं खातं परत मिळवलं, पण ते रिकामं होतं. "काकांचे निरोप दुसरीकडे कुठे ठेवलेच नव्हतेस गं," ती हळूच म्हणाली.

"पाठ आहेत मला सगळे," बाई म्हणाल्या.

भाची तक्रार लिहायला बसली. "त्याचा आवाज कसा होता, आठवतो?"

"न आठवायला काय झालं? वयानं पंचविशीचा असेल. घसा बसलेला. 'मावशी' म्हणताना शेवट लांबवतो." बाईंनी तो सूर हुबेहूब काढून दाखवला.

मग त्यांनी डोळे मिटले आणि नवऱ्याला आठवून पाहिलं. शब्द आले, एकूण एक आले. पण ते बोलत होता तो बसलेल्या घशाचा पोरगाच.

"मावशी, काय झालं गं?"

"जरा गप्प बस," बाई म्हणाल्या. "कुणीच काही बोलू नका."