भोलूची अलाबला

"'हा माणूस मौजवन बुडवणार,'" गुड्डीने मोबाईलवरून वाचून दाखवलं.

"परत वाच," सुकदेव म्हणाला.

गुड्डीने परत वाचलं. सुकदेवने भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि डोळे मिटून सावकाश चावला. नरोलीच्या त्या भाड्याच्या खोलीत रोज संध्याकाळी, सुकदेव ड्युटीला निघण्याआधी, हल्ली हाच कार्यक्रम असायचा.

खानवेल रस्त्यावरच्या मौजवन पार्कच्या कंपनीला नवे मुख्य साहेब आले होते, आणि पार्कच्या चाहत्यांनी मोबाईलवर जो ग्रुप काढला होता तिथे त्यांच्या नावाने शिमगा चालला होता. वापी, सुरत, नाशिकहून लहानपणी सहलीला आलेली ही पोरं आता नोकरीधंद्याला लागली होती. काहींची तर लग्नंही झाली होती. पण मौजवनचा विषय निघाला की सगळी पुन्हा चौथीतली व्हायची. कोणी लिहायचं, हे साहेब जुनी आगगाडी भंगारात घालणार. कोणी गुजरातीत विचारायचं, या माणसाने जन्मात एकदा तरी पाळण्यात बसून पाहिलंय का. सुकदेव अशा प्रत्येकाला मनातल्या मनात शंभर वर्षांचं आयुष्य देऊन टाकायचा. मधूनच एखादा शहाणा साहेबांना 'दूरदृष्टीचा माणूस' म्हणायचा. त्या दिवशी सुकदेवला जेवण गोड लागायचं नाही.

साहेबांचं नाव ललित. पंधराएक वर्षांपूर्वी ते मौजवनमध्येच मॅनेजर होते, मग मुंबईला गेले, मोठे झाले आणि आता सगळ्या कंपनीचे मुख्य साहेब होऊन परतले. आणि सुकदेव, जो आज खडोलीत प्लॅस्टिकच्या कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता, तो तेव्हा मौजवनचा भोलू होता.

भोलू म्हणजे पार्कचं अस्वल. तपकिरी केसाळ अंग, वर ही एवढी मोठी मुंडी, आणि आत घामाने निथळणारा साक्रीकडचा सुकदेव. भोलूने बोलायचं नाही आणि पोरांसमोर मुंडी काढायची नाही, हे दोन नियम. सुकदेवने ते इतके पाळले की घरीसुद्धा सांगितलं नाही. गुड्डी तेव्हा तिसरीत होती. बाप पार्कमध्ये पाण्याच्या मोटारी बघतो, असं तिला वाटायचं.

आणि भोलूची एक खोड होती, ती कोणी शिकवली नव्हती. पोरगं जवळ आलं की भोलू त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही पंजे उतरवायचा आणि आपल्या कानशिलांवर टेकवून बोटं मोडायचा. ही अलाबला घ्यायची रीत सुकदेवच्या बायकोची, कोंडाबाईची. ती गुड्डीची रोज घ्यायची. बोटांचा कडकड आवाज पंज्याच्या आतच राहायचा, तो एकट्या सुकदेवला ऐकू यायचा. पोरं त्यासाठी रांग लावायची.

मग तो मे महिना आला. सुट्टीची गर्दी होती, सुरतेच्या शाळेच्या बसेस लागल्या होत्या. ललित साहेबांनी भोलूची दुपारची विश्रांती रद्द केली. सुकदेव टकरीच्या गाड्यांपाशी चक्कर येऊन कोसळला. कोणीतरी पाणी पाजायला त्याची मुंडी उपसून काढली आणि पोरांनी एकच आकांत मांडला.

तेवढ्यावर भागलं असतं तर सुकदेव विसरलाही असता. पण साहेबांनी त्याला शुद्धीवर आल्यावर बाहेरच्या गेटवर उभं केलं. खाली अस्वलाचं अंग, वर माणसाचं डोकं, मुंडी काखेत. जाणाऱ्या प्रत्येक पोराला सांगायचं, मी भोलू नाही, माफ कर. साहेब शेजारी उभे राहून ऐकत होते. त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना पार्क फुकट होता, म्हणून कोंडाबाई गुड्डीला घेऊन आली होती. रांगेत गुड्डीही आली. सुकदेवने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मानेनेच 'बोला' म्हटलं. मग सुकदेव आपल्या पोरीला म्हणाला, मी भोलू नाही, माफ कर. दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढलं.

त्याचा सूड त्याला घ्यायचा होता. इतकी वर्षं तो गेटवर बसून हेच घोकत होता, आणि आता चाहत्यांनीच त्याच्या हातात काठी आणून दिली होती.

त्याचं असं झालं, की पोरांचा राग शांत करायला साहेबांनी जाहीर केलं, भोलू परत येतोय. एजन्सीचा कोणी नाचरा भोलू आणला, त्याचा व्हिडिओ टाकला. ग्रुपवर आणखीच आग लागली. हा आमचा भोलू नाही, आमचा भोलू अलाबला घ्यायचा, असं जो तो लिहायला लागला. आम्हाला फसवता काय, म्हणून लोक साहेबांच्या फोटोखाली येऊन विचारू लागले. शेवटी साहेबांनी सुकदेवचा नंबर शोधून स्वतः फोन केला. रविवारी मोठा सोहळा आहे, चाहते गावोगावहून येणार आहेत, तुम्ही यायलाच हवं, म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "तेव्हा तुमचं काहीतरी तब्येतीचं झालं होतं, नाही का?"

सुकदेवने मोबाईल गुड्डीच्या हातात दिला.

"त्याले आठवतच नाही," तो म्हणाला. माणसाने जन्मभर ज्याच्यावर दात खावेत, त्याला ते ठाऊकही नसावं, याची त्याला नव्याने चीड आली.

गुड्डी आता खडोलीलाच पॅकिंगमध्ये कामाला होती. तिचा बेत तयार होता. स्टेजवर साहेब शेजारी आले की मुंडी काढायची, माईक घ्यायचा आणि गेटवरची सगळी गोष्ट सांगायची. खाली हजार मोबाईल चालू असतील, साहेब आठवड्यात घरी बसतील. सुकदेवला बेत पटला. तो आरशासमोर उभा राहून काय बोलायचं ते पाठही करू लागला.

कोंडाबाई भांडी घासता घासता ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "मुंडी काढा, नाही तर नका काढू. पण त्या माणसाची अलाबला घेऊ नका. त्याची पीडा आपल्या घरात नको."

रविवारी मौजवनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पूर्वी रांगा लावणारी पोरं आता आपली पोरं कडेवर घेऊन आली होती. सुकदेवने पडद्यामागे अंग चढवलं, मुंडी दोन्ही हातांनी नीट बसवली आणि तो बाहेर आला. जे ओरडणं झालं तसं त्याने पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. एक दाढीवाला बाप्या भोलूच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. सुकदेवने त्याची अलाबला घेतली, मग त्याच्या पोराची घेतली. बोटं कडकड मोडली. पंज्याच्या आत तोच आवाज होता. त्याला मनापासून बरं वाटलं आणि त्याचा रागही आला, कारण आज तो त्यासाठी आला नव्हता.

मग साहेब माईक घेऊन स्टेजवर आले. मौजवन आपलं कुटुंब आहे वगैरे बोलले. आणि चाहत्यांकडे हसून बघत म्हणाले, "आता भोलू आधी माझी अलाबला घेणार."

ते भोलूसमोर वाकले. मोबाईल वर झाले. पुढच्याच रांगेत गुड्डी उभी होती आणि आपल्या गळ्याशी हात नेऊन त्याला खुणावत होती, काढा, आता काढा.

सुकदेवने दोन्ही हात मुंडीकडे नेले. मुंडीच्या जाळीतून त्याला साहेबांची टाळू दिसत होती, नीट भांग पाडलेली. गुड्डीशेजारी एक चिमुरडी तोंडात बोट घालून त्याच्याकडे बघत होती. तिसरीतलीच असावी.

त्याचे हात तिथेच थांबले. मग त्याने ते खाली आणले, साहेबांच्या चेहऱ्यासमोर नेले, आणि नुसते जोडले. कोपरापासून नमस्कार केला आणि साहेबांना तसंच वाकलेलं सोडून तो स्टेजच्या पायऱ्या उतरला, थेट त्या चिमुरडीकडे गेला. तिच्या चेहऱ्यावरून पंजे उतरवले, कानशिलांवर टेकवले आणि बोटं मोडली.

मग मागून कोणीतरी खो खो हसलं आणि हसू सगळ्या मैदानात पसरलं. साहेब अजून वाकलेलेच होते. त्यांना सरळ कधी व्हावं ते कळत नव्हतं. सुकदेवने मान वळवून ते दृश्य पोटभर पाहून घेतलं. घाई केली नाही.

संध्याकाळी ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. भोलूने साहेबांची अलाबला घेतली नाही, म्हणजे हे साहेब टिकत नाहीत, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. साहेबांचा वाकलेला फोटो वापीपासून नाशिकपर्यंत फिरत होता. कोणी त्यांना पंजे जोडलेल्या अस्वलाची चित्रं पाठवत होतं. गुड्डी वाचत होती आणि कोंडाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. सुकदेव ड्युटीची खाकी पँट चढवता चढवता ऐकत होता. आज तो 'परत वाच' म्हणाला नाही.

"पप्पा, हे बघा," गुड्डी म्हणाली. "सगळे विचारतायत, आत कोण होतं. मी लिहू? माझे वडील, सुकदेव, असं लिहिते." तिचा अंगठा चालूही झाला होता.

सुकदेव तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला. आपलं नाव त्याने पडद्यावर अक्षर अक्षर लावत वाचलं.

"खोड ते," तो म्हणाला.

"का पण? आता कोणाला घाबरायचं?"

"घाबरायचं नाही. तिथे पोरं वाचतात, गुड्डी."

गुड्डीने त्याच्याकडे पाहिलं आणि नाव पुसून टाकलं. सुकदेवने खिळ्यावरची वॉचमनची टोपी काढली, डोक्यावर घातली, दोन्ही हातांनी नीट बसली की नाही ते चाचपून पाहिलं आणि तो खडोलीला जायला निघाला.