शेवटच्या रांगेतली खुर्ची

मित्रांनो, मी एका सिनेमागृहातली जुनी खुर्ची आहे. शेवटची रांग, दाराला लागून पहिली. सुताराने माझ्या बैठकीला स्प्रिंग बसवली आणि वर लाल रेक्झिनची गादी ठोकली. माणूस उठला की मी खटकन मिटायचे.

दर शुक्रवारी पहिल्या खेळाला माझ्यावर एक घड्याळजी बसायचे. सिनेमागृहाच्या मालकीणबाई म्हणजे त्यांची धाकटी बहीण. सिनेमा म्हणजे घड्याळजींचा जीव की प्राण. तो चांगला असला की ते इतके स्तब्ध बसत, की मला त्यांचं वजनच जाणवत नसे. वाईट असला की माझे हाल विचारू नका. खेळ सुटल्यावर ते तिकीटखिडकीजवळच्या काळ्या फळ्यावर खडूने आपलं मत लिहीत. दार उघडं असलं की फळा मला दिसे. लोक आधी तो वाचत आणि मगच रांगेत उभे राहत.

पुढे रांगा आखूड होत गेल्या. माझ्या शेजारच्या खुर्च्या महिनामहिना उघडल्या जात नसत. तेव्हा मालकीणबाईंनी एक विनोदी सिनेमा आणला. त्या शुक्रवारी खेळाआधी त्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"दादा, हा पडला तर दाराला कुलूप लागेल."

"नाही गं पडणार. विनोदी आहे ना? रडवणं सोपं असतं, हसवायला अक्कल लागते. मी तर सकाळपासून वाट बघतोय."

खरंच, ते मोठ्या हौसेने बसले होते. पण पडद्यावर एक माणूस केळीच्या सालीवरून घसरला, मग पुन्हा घसरला आणि मग त्याचा सासराही घसरला. घड्याळजींनी पाय बदलला. मग एक तोतरा पहारेकरी आला. तो शब्दाला अडला की नायक त्याच्या थोबाडीत मारायचा आणि ढोल वाजायचा. सगळं सभागृह खदखदून हसलं. पहिल्या थप्पडेला घड्याळजीही हसले. माझी पाठ त्यांच्या पाठीबरोबर हलली, म्हणून मला ठाऊक आहे.

मग त्यांची नजर दाराकडे गेली. तिथे हातात बॅटरी घेऊन आमचे डोअरकीपर उभे होते. सगळे त्यांना बॅटरीवाले म्हणत. ते लहानपणापासून अडखळत बोलायचे, म्हणून शक्यतो बोलायचेच नाहीत. बॅटरीचा उजेड पाडून जागा दाखवायचे.

त्यानंतर घड्याळजी क्षणभर स्वस्थ बसले नाहीत. पुढे सरकले, मागे रेलले, माझ्या हातावर नखं घासत राहिले. मध्यंतरानंतर दोन धटिंगण आत शिरले आणि बॅटरीवाल्यांच्या तोंडावर म्हणाले, "र-र-रांग कुठली हो?" बॅटरीवाल्यांनी मुकाट्याने रांगेवर उजेड पाडला. मग बॅटरी विझवून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

खेळ सुटला. मालकीणबाई लगबगीने आल्या. "हाउसफुल्ल झाला रे दादा! आज एक दिवस फळा कोरा ठेव. माझ्यासाठी."

"तू पाहिलास का सिनेमा?"

"मला ऑफिसातून उठायला फुरसत कुठे असते?"

 घड्याळजी उठून फळ्याशी गेले आणि त्यांनी लिहिलं: 'विनोद शिळा, गोष्ट बेपत्ता. छत्री उघडेना म्हणून म्हातारी वाऱ्याशी भांडते, तेवढा एकच प्रसंग खरा. बाकी अडीच तास दुबळ्याला मारून हसवलं आहे. मीही एकदा हसलो, त्याची लाज वाटते.'

दुसऱ्या खेळाची गर्दी यायच्या आत मालकीणबाईंनी ते ओल्या फडक्याने पुसून टाकलं. घड्याळजी बहिणीकडे न पाहता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई स्वतः माझ्यावर येऊन बसल्या. मन खात असावं. पहारेकऱ्याला तिसरी थप्पड बसली आणि त्या इतक्या झटक्यात उठल्या, की माझी स्प्रिंग तुटली. त्या दाराशी गेल्या आणि बॅटरीवाल्यांना हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं आहात इथे. मला एका शब्दाने सांगायचंत तरी!"

बॅटरीवाल्यांचे ओठ हलले. शब्द अडला, सुटला, पुन्हा अडला. मालकीणबाईंनी त्यांच्या तोंडचा शब्द घेतला नाही. त्या थांबल्या.

"सां... सांगायला वे... वेळ लागला असता. तुम्ही घा... घाईत होतात."

 मालकीणबाई तडक बाहेर गेल्या आणि आठवेल तसं दादाचं मत त्यांनी पुन्हा फळ्यावर लिहून काढलं. शेवटचं लाजेचं वाक्य मात्र स्वतःच्या नावाने लिहिलं: 'मी हा न पाहताच लावला, त्याची लाज वाटते.' आठवडा संपताच सिनेमा उतरवला.

सिनेमागृह त्यामुळे वाचलं, असं मी खोटं सांगणार नाही. दोन वर्षांनी त्याला कुलूप लागलंच. पण तोवर दर शुक्रवारी खेळ सुटला की घड्याळजी पूर्वीसारखे फळ्यावर लिहीत आणि मालकीणबाई बॅटरीवाल्यांना विचारायच्या, "कसा वाटला?" आणि पूर्ण उत्तर मिळेपर्यंत हलायच्या नाहीत.

आता मी गोदामात पडून आहे. मित्रांनो, कुठे जुनी खुर्ची दिसली तर ब्लेडने तिची गादी फाडू नका. पोटभर हसा, पण कुणाच्या जिवावर हसतो आहोत तेवढं पाहा. आणि कुणाचा शब्द अडला, तर तो सुटेपर्यंत बसून राहा. बसायला आम्ही खुर्च्या आहोतच.